गेट तर निघाली, पण स्टायपेंड खात्यात कधी? एम.टेक.वाल्यांसाठी सगळी प्रोसेस

दर वर्षी मार्चमध्ये गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाला लागणाऱ्या परीक्षेचा, रिझल्ट लागला की नात्यातल्या, गल्लीतल्या, नाहीतर मैत्रिणीच्या भावाच्या मित्राचा असा कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, गेट निघाली, आता ते साडेबारा हजार आपोआप चालू होतात ना?" आणि दर वर्षी मला तेच सांगावं लागतं की बाबा, एक तर साडेबारा नाही, १२,४०० आहेत, आणि दुसरं म्हणजे आपोआप काहीही होत नाही. एकाच कागदपत्रावरून पाच वेळा तेच बोलून झालंय म्हणून म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवावं, पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

तर आधी हे पैसे आहेत काय ते बघू. इंजिनिअरिंग झालं की बहुतेक पोरं आयटीत नाहीतर स्पर्धा परीक्षेला जातात, एम.टेक.ला वळणारे कमी, आणि त्यातही मायनिंग, मेटलर्जी, टेक्स्टाइल, जिओइन्फॉर्मेटिक्स असल्या ब्रँचेसमध्ये तर अजूनच कमी, मग पुढे शिकवायला आणि रिसर्चला माणसं मिळत नाहीत. म्हणून केंद्र सरकार एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेमार्फत गेट क्वालिफाय असलेल्या फुल टाइम पीजी विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये देतं, जास्तीत जास्त २४ महिने किंवा कोर्स संपेपर्यंत, जे आधी होईल ते. चोवीसने गुणा, २ लाख ९७ हजार ६०० होतात. हे कर्ज नाही, परत करायचं नाही, आईवडिलांचं उत्पन्न किती ते विचारत नाहीत आणि स्कॉलरशिप असल्यामुळे इन्कम टॅक्सही लागत नाही. डिझाइनवाल्यांना एम.डेस.साठी हेच पैसे सीड परीक्षेवर मिळतात.

आयआयटी आणि एनआयटीत पण स्टायपेंड एवढाच, पण तिथे तो इन्स्टिट्यूटच देतं, एआयसीटीईच्या पोर्टलची भानगड नसते, त्याबदल्यात टीचिंग असिस्टंटचं काम करावं लागतं आणि सीपीआय, म्हणजे ग्रेडची सरासरी, घसरला तर पैसे थांबू शकतात. खाली पोर्टलबद्दल जे लिहिलंय ते मुख्यतः बाकीच्या कॉलेजांना, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी, अनुदानित आणि खाजगी एआयसीटीई मान्य कॉलेजांना लागू आहे.

आता कुणाला मिळत नाही ते नीट वाचा कारण गैरसमज इथेच होतात. पार्ट टाइमला नाही, कंपनीने स्पॉन्सर केलेल्याला नाही, ज्याची अ‍ॅडमिशन गेटशिवाय नुसत्या डिग्रीच्या मार्कांवर झाली त्याला नाही. आणि हा शेवटचा मुद्दा लोकांना कळतच नाही: अ‍ॅडमिशन घेताना गेटचा स्कोअर हातात आणि व्हॅलिड पाहिजे. आमच्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, नॉन गेट सीटवर आला आणि म्हणाला फर्स्ट इयरला असताना गेट देतो, मग चालू होईल. दिली, मस्त रँक आणली, आणि एक रुपया मिळाला नाही. एकाच बेंचवर आम्ही दोघं, लॅब तीच, असाइनमेंट तीच, मला १२,४०० आणि त्याला मेसचे पैसे घरून. त्याला हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक वर्ष थांबला असता.

म्हणून पहिला सल्ला, गेट थर्ड इयरलाच द्या. तेव्हापासून परवानगी आहे, स्कोअर रिझल्टपासून तीन वर्षं चालतो, म्हणजे थर्ड इयरला निघाली तर फायनल इयर डोक्याला ताप नाही, नाही निघाली तर अजून एक चान्स आहेच. फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी सुटतो आणि सप्टेंबर अखेर किंवा ऑक्टोबरपर्यंत लेट फीसह चालतो, परीक्षा फेब्रुवारीतल्या दोन वीकएंडना. आयआयएससी बंगळुरू आणि सात आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात, दर वर्षी यजमान वेगळा, त्यामुळे वेबसाइटचा पत्ता पण दर वर्षी बदलतो, मागच्या वर्षीची साइट उघडून फॉर्म का दिसत नाही म्हणून बसू नका. फी मुलींना, एससी, एसटी आणि दिव्यांगांना निम्मी आहे.

परीक्षेबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर यूट्यूबला डोंगर पडलाय. तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, त्यात १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे जे आपली पोरं सोडून देतात आणि मग एका मार्काने हुकतात. एक उत्तर बरोबर असलेल्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे, एका मार्काच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोनच्या प्रश्नाला दोन तृतीयांश कापतात. आकडा टाइप करायचे प्रश्न आणि एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असलेले प्रश्न, यांना निगेटिव्ह नाही, तिथे काहीतरी टाकूनच या. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचाच वापरायचा, त्याची घरी सवय करा, माझा पहिल्या प्रयत्नात त्याच्यातच वेळ गेला होता. स्टायपेंडसाठी टॉप रँक लागत नाही, क्वालिफाय होणं लागतं. कटऑफ पेपरागणिक वेगळा, ओपनचा २५ मार्कांच्या खाली जात नाही, ओबीसी नॉन क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएसला ओपनच्या ९० टक्के, आणि एससी, एसटी, दिव्यांगांना ओपनच्या दोन तृतीयांश.

पेपर कुठला निवडायचा यावर मात्र थोडं थांबते. सगळे कॉम्प्युटर, सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलला गर्दी करतात. पण एकूण तीस पेपर आहेत बाबांनो, आणि नियमात बसत असेल तर दोन पेपर देता येतात, कुठल्या जोड्या चालतात त्याची यादी माहितीपत्रकात असते. इचलकरंजीत टेक्स्टाइल केलेल्या पोराने मेकॅनिकलच्या पेपरात कशाला मरायचं, टेक्स्टाइलचा वेगळा पेपर आहे. चंद्रपूर, वणीकडच्या पोरांना मायनिंग म्हणजे काय ते सांगायला नको, मायनिंगचाही पेपर आहे आणि नागपूरला व्हीएनआयटीत मायनिंगचं डिपार्टमेंट आहे. एम.एस्सी.वाल्यांनी तर हे नक्की वाचा: जिऑलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स यांचे पेपर आहेत, इकॉलॉजीचा सुद्धा आहे, आणि एम.एस्सी.नंतर काही एम.टेक.ना जाता येतं, जिऑलॉजीवाला रिमोट सेन्सिंगला, फिजिक्सवाला मटेरियल्सला. ही वाट आमच्याकडे कुणी दाखवत नाही, एम.एस्सी. झालं की बी.एड. एवढंच माहीत. मी सिव्हिलमधून एन्व्हायर्नमेंटलला गेले तेव्हा काका म्हणाले होते, गटाराचं शिकायला दोन वर्षं? गटाराचं शिकायचे सरकार पैसे देतंय म्हटल्यावर गप्प बसले.

आता फॉर्म भरताना नावाचं प्रकरण. हे महाराष्ट्रातल्या पोरांसाठी खास आहे कारण आपल्या दहावी बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर बऱ्याचदा आपलं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर, आणि कॉलेजच्या रेकॉर्डला काहीतरी चौथंच. मुलीचं मधे लग्न झालं असेल तर पाचवं. गेटच्या फॉर्ममध्ये जे नाव जाईल तेच स्कोअरकार्डवर येणार, आणि पुढे स्टायपेंडच्या पोर्टलवर आधार आणि बँक त्याच नावाशी जुळवून बघतात. तेव्हा ऑगस्टच्या आधी एक दिवस काढा, आधार, मार्कशीट, पासबुक, पॅन टेबलावर मांडा आणि एका ओळीत नावं वाचा. स्पेलिंगमध्ये एक ए जास्त असेल तरी दुरुस्त करून घ्या. मला माझ्या नावातल्या एका जादा अक्षरासाठी पुढे दोन महिने चकरा माराव्या लागल्या, आधी बँक म्हणे आधार बदला, आधार केंद्रवाला म्हणे मार्कशीट आणा, आणि मार्कशीटवर तर आडनाव पहिलं.

जातीच्या दाखल्याचं पण इथेच बघून टाका. गेट ही केंद्राची परीक्षा आहे, म्हणून ओबीसी नॉन क्रिमिलेअर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आपलं राज्याचं नेहमीचं नाही, सेतूत जाऊन "सेंट्रलचं पाहिजे" असं स्पष्ट सांगा. व्हीजेएनटी, एसबीसी अशा कॅटेगरी केंद्रात नाहीत, त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, आपली आहे का ते यादीत शोधा. एसईबीसीचा दाखला केंद्रात चालत नाही, तिथे ईडब्ल्यूएसच्या अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढा, आणि ते आर्थिक वर्षापुरतंच असतं हे लक्षात ठेवा, म्हणजे परीक्षेच्या वेळी काढलेलं अ‍ॅडमिशनच्या वेळी शिळं झालेलं असतं. नॉन क्रिमिलेअरचंही तसंच, स्टायपेंडच्या पोर्टलवर एक वर्षापेक्षा जुनं चालत नाही. जून महिन्यात तहसीलला काय गर्दी असते ते सांगायला नको, एप्रिल मेमध्येच उरका.

रिझल्टनंतरची एक छोटी गोष्ट. स्कोअरकार्ड मार्चअखेर येतं आणि मेअखेरपर्यंत फुकट डाउनलोड होतं, नंतर डिसेंबरपर्यंत ५०० रुपये भरून, आणि त्याच्यानंतर मिळतच नाही. तीन वर्षं व्हॅलिड आहे म्हणून लोक निवांत बसतात आणि दुसऱ्या वर्षी अ‍ॅडमिशनला स्कोअरकार्ड सापडत नाही. आल्याबरोबर डाउनलोड करा, स्वतःलाच मेल करा, घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण टाका, तेवढंच कौतुक होईल.

अ‍ॅडमिशनचे रस्ते तीन आहेत आणि तिन्ही वेगवेगळे भरायचे. आयआयटीसाठी प्रत्येक आयआयटीचा फॉर्म वेगळा भरायचा आणि ऑफर मात्र कोअ‍ॅप नावाच्या एकाच पोर्टलवर येतात, तिथे स्वीकारून फ्रीज करायचं, नाहीतर हातातली ठेवून पुढच्या राउंडची वाट बघायची, नाहीतर नाकारायची. एनआयटी, काही ट्रिपल आयटी वगैरेसाठी सीसीएमटी ही त्यांची एकत्र प्रवेश प्रक्रिया. आणि आपल्या राज्यातल्या सीओईपी, व्हीजेटीआय धरून बाकी कॉलेजांसाठी राज्याच्या सीईटी सेलची कॅप, म्हणजे एकत्रित प्रवेश प्रक्रिया, तिथे गेटवाल्यांना आधी जागा देतात, नॉन गेटवाले त्यांच्यानंतर. तारखा एकमेकांवर चढतात, एकाच ठिकाणी फी भरून बसू नका आणि फी परत मिळायचे नियम आधी वाचा.

कॉलेज निवडताना लोक बिल्डिंग बघतात, प्लेसमेंटचा फ्लेक्स बघतात. माझं ऐकाल तर सेकंड इयरच्या कुठल्याही गेटवाल्या पोराला कँटीनला गाठा, एक चहा पाजा आणि विचारा, मागचा स्टायपेंड कधी आला? तो हसला तर समजून जा. पोर्टलवरचं अर्धं काम कॉलेजनेच करायचं असतं आणि तिथे एखादा क्लार्क किंवा सर मनावर घेणारे असतील तर पैसे वेळेवर, नसतील तर तुम्ही कितीही टॉपर असा. ऑफिसात पण विचारा की ह्या कोर्सला, म्हणजे अगदी ह्याच नावाच्या कोर्सला, या वर्षीची एआयसीटीई मान्यता आहे का आणि मंजूर जागा किती. मंजूर जागांच्या बाहेरची सीट असेल तर स्टायपेंड विसरा. तोंडी "हो हो आहे" चालत नाही, मान्यतेचं पत्र कॉलेजच्या वेबसाइटवर असतं, ते उघडून कोर्सचं नाव शोधा.

अ‍ॅडमिशन झाली, आता मुख्य काम. क्रम असा असतो: आधी कॉलेज पोर्टलवर तुमचा आयडी तयार करतं, मग तुम्ही त्या आयडीने लॉगिन करून फॉर्म भरता आणि कागद अपलोड करता, मग कॉलेज ते तपासून पुढे पाठवतं, मग एआयसीटीई मंजुरी देतं. यात पहिली पायरीच कॉलेजच्या हातात आहे, म्हणून तुम्ही घरी बसून पोर्टल कितीही उघडलं तरी "नवीन नोंदणी" असं बटण सापडणार नाही, पोरं इथेच आठवडा घालवतात. लेक्चर सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचारायचं, सर, पीजी स्कॉलरशिपचं काम कोण बघतं? नाव, टेबल, बसायची वेळ, तिन्ही लिहून घ्यायचं. आयडी तयार करायला आणि तपासायला मुदती असतात, वाढवून मिळतात कधी कधी, पण त्या भरवशावर राहू नका.

अपलोड करायला गेटचं स्कोअरकार्ड, आधार, पासबुकचं पहिलं पान, कॅटेगरी असेल तर दाखला, एवढंच मुख्य. स्कॅन नीट करा. मोबाइलने ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, कोपऱ्यात अंगठा, हे परत पाठवतात आणि परत आलं की पुन्हा कॉलेजच्या रांगेत. हमीपत्र पण द्यावं लागतं, की मी दुसरीकडून पगार किंवा दुसरी स्कॉलरशिप घेत नाही वगैरे, ते सही करण्याआधी वाचा, विशेषतः ज्यांच्या डोक्यात पीएसयूचा, म्हणजे सरकारी कंपनीतल्या नोकरीचा, कॉल आला की कोर्स सोडायचा असं आहे त्यांनी मधेच सोडलं तर काय ते आधी विचारून घ्या.

आता बँक. इथे सगळ्यात जास्त पैसे अडकतात आणि सगळ्यात कमी लोकांना कारण कळतं. पैसे थेट आधारवर जमा होतात, म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये खाते नंबर कुठलाही लिहा, तुमचं आधार एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेकडे, ज्या बँकेला जोडलंय त्या बँकेत जातात. आणि "आधार लिंक आहे" म्हणजे जोडलंय असं नाही! बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली, ते लिंक झालं. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, सीडिंग वेगळं करावं लागतं, त्याचा फॉर्म वेगळा, आणि एका वेळी एकाच बँकेला सीडिंग राहतं, शेवटी जिथे केलं तिथे. आमच्या ज्युनिअर मुलीचं झालेलं सांगते. स्टायपेंड मंजूर, पोर्टलवर "पेमेंट झालं" असं दिसतंय, आणि बँकेत शून्य. महिनाभर रडकुंडीला आली. शेवटी कळलं की मधे लाडकी बहीणच्या वेळी गावाकडे आईसोबत तिनेही पोस्टाच्या बँकेत खातं काढलं होतं, आधार तिकडे सीड झालं, आणि तीन महिन्यांचे पैसे तिकडे पोस्टात सुखाने बसले होते. तेव्हा यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्याच, साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम आहे, कुठली बँक दिसते आणि स्टेटस अ‍ॅक्टिव्ह आहे का ते बघा.

खातं साधं सेव्हिंगचं, फक्त तुमच्या एकट्याच्या नावाचं पाहिजे. वडिलांसोबतचं जॉइंट नको, लहानपणी काढलेलं मायनरचं नको, आणि लिमिट असलेलं झिरो बॅलन्सचं खातं पण नको, कारण थकलेले चार पाच महिन्यांचे पैसे एकदम आले की त्या खात्याची मर्यादा ओलांडते आणि पेमेंट परत जातं. आणि हो, पहिल्यांदा पैसे थकूनच येतात, हे मनाची तयारी म्हणून सांगते. मी ऑगस्टमध्ये जॉइन झाले आणि पहिला हप्ता जानेवारीत आला, पण सगळ्या महिन्यांचा एकदम आला. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरचा रूमचा डिपॉझिट, भाडं, मेस यांची सोय घरून नाहीतर उसनवारीने करूनच निघा, "स्टायपेंड येईल त्यातून देते" असं घरमालकाला सांगू नका. मी सांगितलं होतं, त्यांनी तो चेहरा केला तो अजून आठवतो.

एकदा चालू झालं की संपलं असं पण नाही. दर महिन्याला कॉलेजने तुमची हजेरी पोर्टलवर टाकायची असते, ती टाकली तर त्या महिन्याचे पैसे, नाही टाकली तर अडकले. सर सुट्टीवर, ऑफिसचं नॅकचं काम चालू, नेट बंद, दिवाळी, कारणं भरपूर असतात. म्हणून एक युक्ती, वर्गातल्या सगळ्या गेटवाल्यांनी मिळून एकाला पुढारी करा. एकेकटे जाऊन विचारलं की टेबलापलीकडून "हो करतो" येतं, आणि एक जण महिन्याच्या पहिल्या दोन तारखांना सगळ्यांची यादी टाइप करून, गाइडची सही घेऊन टेबलावर ठेवतो तेव्हा काम होतं, कारण समोरच्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं. भांडून काही होत नाही, आमच्याकडे एकाने भांडण केलं आणि त्याची फाइल नेमकी त्यानंतर सापडेनाशी झाली, योगायोग असेल म्हणा. पण दोन तीन महिने सलग काहीच होत नसेल तर लेखी अर्ज एचओडी आणि प्राचार्यांच्या नावाने द्या, आवक नंबर घ्या, आणि पोर्टलवरच्या तक्रारीत तोच अर्ज जोडा. तोंडी तक्रारीची कुठे नोंद राहत नाही.

पैशांच्या बदल्यात आठवड्याला आठ दहा तास कॉलेजचं काम करावं लागतं, बी.टेक.च्या पोरांचं प्रॅक्टिकल घेणं, सुपरव्हिजन, लॅबचं रजिस्टर. ते नियमात आहे, कुरकुर करू नका. मात्र कुणी सरांच्या घरचं सामान शिफ्ट करायला बोलावलं तर ते नियमात नाही, तेवढं ओळखा.

गेट नसेल निघाली किंवा लाइनच वेगळी असेल तर हात वर करू नका, थोडक्यात बाकीचे रस्ते सांगते. बायोटेकला जायचं असेल तर गॅट बी परीक्षा आहे, केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या कोर्सेसना तिच्यावरून प्रवेश आणि महिन्याला स्टायपेंड, एम.एस्सी.ला ५,००० आणि एम.टेक.ला १२,०००, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबईचं आयसीटी, गोवा विद्यापीठाचं मरीन बायोटेक हे त्यातलेच. अ‍ॅग्रीवाल्यांना आयसीएआरची, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची, पीजी परीक्षा, वरच्या रँकवाल्यांना १२,६४० रुपये महिना, आणि त्या खालच्यांना राज्याबाहेरच्या कृषी विद्यापीठात गेलं तर टॅलेंट स्कॉलरशिप, राहुरी, अकोला, परभणी, दापोली सोडून एकदा बाहेर जायला ते एक निमित्त. यूजीसीची राष्ट्रीय पीजी स्कॉलरशिप आहे, वर्षाला दहा महिने १५,००० प्रमाणे, दोन वर्षं, १०,००० जागा आणि त्यातल्या ३० टक्के मुलींना, परीक्षा नाही, डिग्रीच्या मार्कांवर यादी लागते, फर्स्ट इयरलाच अर्ज करायचा आणि वय तीसपर्यंत. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असते, तिथे आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायची नोंदणी लागते, मोबाइलवर चेहरा स्कॅन करून, त्याला आधारचं फेस अ‍ॅप पण वेगळं टाकावं लागतं, आणि जुन्या फोनवर ते चालत नाही, तेव्हा भावाचा फोन उसना घ्या. आणि पुढे पीएच.डी. करणार असाल तर नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपचे महिन्याला ३७,००० आहेत, तो वेगळाच विषय आहे.

दोन दोन ठिकाणांहून घेता येतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. दोन स्टायपेंड एकदम, नाही, पकडलं तर परत भरायला लावतात. महाडीबीटीवरून फी माफीच्या ज्या योजना आहेत त्या फीच्या आहेत, हाताला मिळणाऱ्या खर्चाच्या नाहीत, पण प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आणि दर वर्षी जीआर बदलतो, त्यामुळे दोन्ही फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला दोन्हींची नावं लिहून विचारा आणि उत्तर लेखी किंवा मेलवर घ्या.

शेवटचं राहिलंच. २४ महिने म्हणजे २४ महिने, प्रोजेक्ट लांबला म्हणून पंचविसावा मिळत नाही. आणि एम.टेक.चा थिसिस वेळेवर संपला असं मी अजून पाहिलेलं नाही, गाइड परदेशी, मशीन बंद, पेपर रिव्ह्यूत, काहीतरी होतंच. माझा व्हायवा स्टायपेंड बंद झाल्यानंतर अडीच महिन्यांनी झाला, आणि त्या अडीच महिन्यांत भाडं होतं, मेस होती, थिसिसच्या कलर प्रिंट आणि बाइंडिंगच्या चार प्रती होत्या आणि गावाहून जाणंयेणं होतं. सेकंड इयरच्या प्रत्येक हप्त्यातून दीड दोन हजार बाजूला टाकत गेले होते म्हणून निभावलं, तेही आईने सांगितलं म्हणून, मला कुठलं सुचायला.